बेटावर माणसं नेता येत नाहीत

खेळ मूळचा इंग्रजांचा. २९ जानेवारी १९४२ रोजी, महायुद्ध ऐन भरात असताना, बीबीसीवर रॉय प्लमली यांनी तो पहिल्यांदा मांडला. समजा, तुम्ही एका निर्जन बेटावर एकटेच अडकलात. जवळ ग्रामोफोन आहे आणि सुयांचा कधीही न संपणारा साठा आहे. तर कुठल्या आठ तबकड्या तुमच्याजवळ असाव्यात? कार्यक्रम अजून चालू आहे. पुढे आठ तबकड्यांच्या जोडीला एक पुस्तक मिळू लागलं, एक चैनीची वस्तूही मिळू लागली. वस्तूला अट अशी की ती निर्जीव हवी आणि बेटावरच्या जगण्याला तिचा काही व्यावहारिक उपयोग नको. थोडक्यात, नवरा नेता येत नाही, होडीही नेता येत नाही.

मला त्या सुयांच्या कलमाचं फार कौतुक आहे. पोलादी सुई एक बाजू वाजवली की झिजते, ती बदलावी लागते, नाहीतर लाखेच्या तबकडीचे चरे खरवडले जातात. कुठल्या पाण्याची सोय, कुठल्या निवाऱ्याची सोय, त्याबद्दल प्लमली एक अक्षर बोलत नाहीत. सुयांची मात्र हमी देतात. याला म्हणतात रसिकता.

हा खेळ मी मनातल्या मनात सतत खेळते. बँकेच्या रांगेत, लोकलमध्ये चौथी सीट मिळाल्यावर. घरातही तो सगळ्यांना लावून झाला आहे. भाचीला आधी प्रश्नच कळेना. "मावशी, डाउनलोड करून ने ना. फोनमध्ये दहा हजार गाणी मावतात. वर सोलर पॅनल लाव." तिचं गणित बरोबर आहे, पण खेळाची सगळी मजा टंचाईत आहे. दहा हजार न्यायची मुभा असली की निवडायचं काहीच उरत नाही, आणि निवडायला लागल्याशिवाय आपल्याला खरं काय आवडतं आणि काय नुसतं आवडतं म्हणायची सवय झाली आहे, ते बाहेर येत नाही.

एक सवलत मात्र मी घेते. १९४२ मध्ये तबकडी म्हणजे एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांनी ध्वनिमुद्रण केलं तेव्हाही तेवढीच, आणि तेवढ्यात ख्याल मांडून, तान घेऊन, शेवटी "माय नेम इज गौहर जान" असं ओरडून सांगायचं. आठ वेळा साडेतीन मिनिटं म्हणजे अर्धा तास. अर्ध्या तासात आपल्याकडे गवई तानपुरेसुद्धा नीट लावून घेत नाही. तेव्हा माझ्या खेळात एलपी चालते, कॅसेट चालते, संच चालतो. आठ अल्बम.

आता सगळ्यात आधी एक गोष्ट, जी हा खेळ खेळणारे कुणी लक्षात घेत नाहीत. बेट शांत नसतं.

माझं आजोळ रत्नागिरीचं, मिऱ्याच्या बाजूचं. समुद्र घराच्या मागे. मुंबई-पुण्याची पाहुणे मंडळी आली की "किती शांत आहे हो इथे" म्हणायची आणि आजी त्यांच्याकडे बघत राहायची. कारण गाज रात्रंदिवस चालू. एरवी ती कानाला जाणवत नाही, पण रेडिओ लावला की जाणवते. जून-जुलैत तर बातम्यासुद्धा निवेदकाच्या ओठांवरून वाचाव्यात अशी पाळी यायची, आणि रेडिओला ओठ नसतात. मामा रेडिओ माजघरात, भिंतीच्या कोनाड्यात ठेवायचा आणि दार लावून घ्यायचा. म्हणजे समुद्राकाठी गाणं ऐकायचं तर समुद्राकडे पाठ करावी लागते, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

तर पहिली चाळणी: गाजेच्या वरून ऐकू येणारा आवाज हवा. या चाळणीत माझी कितीतरी लाडकी माणसं अडकतात. उस्ताद अमीर खाँ मंद्र सप्तकात उतरतात, आणि मंद्रातला तो गंधार की निषाद हे लाटांच्या नादात शोधत बसावं लागणार. उलट मास्टर दीनानाथ बिनविरोध निवडून येतात. त्यांच्या जुन्या तबकड्यांत कितीही खरखर असू दे, तो आवाज सुई टेकताक्षणी अंगावर येतो. सुलोचना चव्हाणांच्या लावण्या येतात. 'सोळावं वरीस धोक्याचं' समुद्राला दबणार नाही, समुद्रानंच जरा बेतानं राहावं. पंडित भीमसेन जोशी अर्थातच येतात.

आणि कोळीगीतं बाद होतात. याचं मला खरोखर वाईट वाटतं. शांताबाई शेळक्यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली, लताबाई आणि हेमंतकुमार. 'मी डोलकर डोलकर दर्याचा राजा' लागलं की अजूनही माझे पाय जागेवर राहत नाहीत. पण चारी बाजूंना दर्या, होडी नाही, आणि तबकडीवरून कुणीतरी सांगतोय की मी दर्याचा राजा. चौथ्या दिवशी ती तबकडी मी दर्याला अर्पण करीन. ही गाणी कोरड्या जमिनीवर, डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर ऐकायची आहेत.

अमीर खाँ साहेबांचं प्रकरण मात्र नुसत्या आवाजाशी संपत नाही. त्यांची मारवा आणि दरबारीची एलपी, १९६० ची, माझ्या मते आपल्याकडे निघालेल्या सगळ्या तबकड्यांत वरच्या दोन-चारांत बसेल. झुमरा तालाच्या चौदा मात्रांची ती संथ चाल, एकेका सुरापाशी थांबून मग पुढच्याकडे निघणं, काही सिद्ध करण्याची घाई नाही. बंदिश 'पिया मोरे अनत देस'. प्रियकर परक्या देशी गेला आहे. इथपर्यंत ठीक. पण मारवा हा राग माणसाला घर देत नाही. त्यात पंचम नाही. रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि षड्ज, जो कुठल्याही रागात पाठ टेकायची जागा असतो, तो मारव्यात गवई मुद्दाम टाळत राहतो. रे आणि ध यांच्यामध्ये हेलकावे. 'सा' येईल असं वाटतं आणि येत नाही. आला तरी ओझरता. सूर्यास्ताच्या वेळचा राग आहे हा. बेटावर सूर्यास्त रोज होणार, अगदी समोर होणार, मध्ये इमारत नाही की डोंगर नाही. त्या वेळी ही तबकडी लावली तर आठवडाभरात माणूस पाण्यात चालत जाईल. शिवाय 'अनत देस' गेलेली तर मीच. गाणारा माझी वाट बघतोय हे मला तिथे बसून ऐकायचं नाही.

पण तबकडीला दोन बाजू असतात. मारवा नेला नाही तर मागचा दरबारीही जातो, आणि दरबारी मला हवा आहे. रात्री, भरती उतरल्यावर, आवाज जरा कमी झाला की. यावर पुष्कळ विचार करून मी ती एलपी घेतली आहे. मारव्याच्या बाजूवर निळ्या शाईनं लिहिलेला कागद चिकटवायचा: सूर्यास्तानंतर दोन तासांनी. राग अवेळी गायलेला चालत नाही म्हणतात. माझं म्हणणं, बेटावर तो अवेळीच चालेल.

'गीतरामायण' न्यावं असं पुष्कळजण सुचवतात, आणि त्यात थोडी लबाडी असते: एका जागेत छप्पन्न गाणी. पण मला त्याचं दुसरंच आकर्षण आहे. १ एप्रिल १९५५, रामनवमी, त्या दिवशी पुणे आकाशवाणीवर गदिमा आणि सुधीर फडके यांचं पहिलं गीत लागलं आणि मग दर आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर चाललं. ठरली होती बावन्न, पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि छप्पन्न झाली. म्हणजे हे गाण्यांचं पुस्तक नसून एक कालनिर्णय आहे, अधिक मासासकट. बेटावर पहिली गोष्ट हरवते ती तारीख. दर शुक्रवारी एकच गीत ऐकायचं, पुढचं गाणं काही झालं तरी आधी लावायचं नाही, असं ठरवलं तर निदान आठवडे मोजता येतील. 'स्वये श्री रामप्रभू ऐकती' लागलं की नवं वर्ष.

फक्त एक अडचण आहे. पुढे निघालेल्या तबकड्यांच्या संचात सगळी गाणी एकट्या बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, आवाजात आहेत. तो आवाज मला प्रिय आहे, शब्द कसा उच्चारावा याचा तो वस्तुपाठ आहे. पण रेडिओवर ही गाणी वेगवेगळ्या लोकांनी म्हटली होती: माणिक वर्मा, राम फाटक, मालती पांडे, बबनराव नावडीकर आणि कितीतरी. आईनं ते ऐकलेलं नाही, तिचा जन्म नंतरचा; आजीनं मात्र शेजारच्यांच्या ओटीवर बसून ऐकलं होतं. ती सांगायची की लोक रेडिओला हार घालायचे. बेटावर मला ते अनेक आवाज हवेत. एका माणसानं सगळ्यांची कामं करणं मला तिथे नको, तिथे ते काम मलाच करायचं असणार.

हे लिहिता लिहिता माझ्याच लक्षात येतंय की मी गाणी निवडतच नाहीये. नियमात माणसं न्यायला बंदी आहे, म्हणून मी ती तबकड्यांतून चोरून न्यायचं बघते आहे.

एलिझाबेथ श्वार्झकॉफ या मोठ्या गायिकेनं १९५८ मध्ये बीबीसीच्या त्या कार्यक्रमात आठांपैकी सात तबकड्या स्वतःच्याच निवडल्या. साठाहून जास्त वर्षं झाली, लोक अजून हसतात. मी हसत नाही. स्वतःचं ध्वनिमुद्रण ऐकताना बाईंना आवाज कमी ऐकू येत असेल आणि पियानोवर कोण बसलं होतं, कोण उशिरा आलं होतं, ते जास्त आठवत असेल. सात तबकड्यांतून त्यांनी अख्खं खोलीभर गणगोत नेलं असणार.

निर्जन बेटाचा हा खेळ माणसांनी एकदा खरोखरच खेळला आहे, आणि त्यात आपली एक बाई आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर नावाची दोन यानं सुटली. दोघांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी. तबकडीवर पंचावन्न भाषांतले नमस्कार, त्यांत मराठीही, आणि संगीताचे सत्तावीस तुकडे. बाखचे तीन, बेथोव्हनचे दोन. सबंध भारताचा एक: केसरबाई केरकर, भैरवी, 'जात कहाँ हो'. साडेतीन मिनिटं. सोबत सुईसुद्धा ठेवली आहे. प्लमली यांना बरं वाटलं असतं.

गोव्यातल्या केरी गावी १८९२ मध्ये जन्मलेल्या या बाईंनी अल्लादिया खाँ साहेबांकडे १९२१ पासून खाँ साहेब जाईपर्यंत, म्हणजे १९४६ पर्यंत तालीम घेतली. गळा असा की खालपासून वरपर्यंत आवाज एकसारखा भरीव, आणि अहंकारही तसाच. रेडिओचं त्यांना वावडं, ध्वनिमुद्रणाचं त्याहून. मोजक्या तबकड्या दिल्या त्यावर बोळवण केली. ज्यांना गाणं ऐकायचं त्यांनी समोर येऊन बसावं, हा त्यांचा हिशेब. आणि त्यांचंच गाणं आज कुठल्याही माणसाच्या आवाजापेक्षा दूर गेलं आहे, चोवीस अब्ज किलोमीटरच्या पलीकडे. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. बंदिशीतली सखी विचारते, एकटी कुठे निघालीस? भैरवी मैफलीच्या शेवटी गातात, उठण्यापूर्वी. ज्यानं कुणी ही निवड केली त्याला हे सगळं ठाऊक असो वा नसो, निवड अचूक आहे. पण मी ती तबकडी बेटावर नेणार नाही. ती आधीच एका बेटावर आहे.

काही नावं पटापट. 'कॉल ऑफ द व्हॅली', १९६७: शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, ब्रिजभूषण काबरा, तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, रागांच्या वेळेप्रमाणे. ती करवून घेणारे जी. एन. जोशी हे आपलेच, ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' गाऊन घराघरांत गेलेले वकील, वकिली सोडून रेकॉर्ड कंपनीत रुजू झालेले. घड्याळ म्हणून ही एलपी उत्तम, पण ती इतक्या लग्नांत, इतक्या दवाखान्यांच्या वेटिंग रूममध्ये आणि इतक्या विमानांत वाजली आहे की मला संतूरबरोबर औषधांचा वास येतो. बाद. 'जैत रे जैत' घेतली, त्यावर चर्चा नको. महानोरांच्या शब्दांत एवढं पान-फूल-पाऊस आहे की बेटावर काही उगवलं नाही तरी चालेल. हिंदी सिनेमाची एकही नाही, कारण ती सगळी मला तशीही पाठ आहेत. अंघोळ करताना म्हणता येतील. निवडीचा हा निकष मला हळूहळू पटत गेला आहे: जे स्वतःला म्हणता येतं ते नेऊ नये.

आणि आता कुमार गंधर्व. यांच्यापाशी मला थांबायलाच हवं, कारण या खेळातलं काल्पनिक त्यांनी प्रत्यक्ष भोगलं आहे.

सुळेभावीचा शिवपुत्र. लहानपणी हा मुलगा तबकड्या ऐकून जशाच्या तशा गायचा. अब्दुल करीम खाँ, फैयाज खाँ, जो येईल तो, त्यांच्या श्वासासकट, आणि मोठमोठे लोक तोंडात बोट घालायचे. म्हणजे दहा-बारा वर्षांचा होईतो त्या पोरानं आठ काय, ग्रामोफोन कंपनीचं अर्धं दुकान गळ्यात भरून घेतलं होतं. मग मुंबईत देवधर मास्तरांकडे तालीम, नाव, लग्न, आणि चोविशीच्या आत क्षय. १९४८ च्या सुमारास कोरड्या हवेसाठी देवासला जाऊन राहिले. एक फुफ्फुस निकामी. डॉक्टरांनी सांगितलं, गायचं नाही. पाच-सहा वर्षं अंथरुणावर. जिवंत राहतील का, हा रोजचा प्रश्न. पत्नी भानुमतीताईंच्या शुश्रूषेवर सगळं चाललेलं.

आता या माणसाकडे त्या काळात काय होतं ते बघा. गाण्याला बंदी. गळ्यात भरलेल्या सगळ्या तबकड्या बंद. आणि एक खिडकी. खिडकीतून माळव्यातल्या बायका गाणी म्हणत जायच्या, लग्नाची, सणांची, कामावर जाता-येताची. पक्षी. वारा. गावात शीलनाथांची धुनी, तिथे नाथपंथी साधू कबीर-गोरख म्हणायचे. ऐकण्याखेरीज त्यांना दुसरं काम नव्हतं. बरे होऊन उठले तेव्हा त्या लोकधुनांतून त्यांनी नवे राग उभे केले होते, त्यांना ते धुनउगम राग म्हणत: लगनगंधार, संजारी, मालवती. आणि निर्गुणी भजनं घेऊन आले, जी त्यांच्या आधी कुणी मैफलीत तशी गायली नव्हती. श्वास तोकडा झाला होता, म्हणून तान तोकडी झाली. सूर फेकायचा, सोडायचा, मध्ये मोकळी जागा ठेवायची. त्या मोकळ्या जागेवर पुण्या-मुंबईत किती वाद झाले! घराण्यांची मंडळी म्हणायची, हे गाणं नव्हे. मला स्वतःला त्यांचे काही राग अजून तुटक वाटतात, हे कबूल करायला हरकत नाही. पण भजनांपाशी वाद थांबतो.

सगळ्यांना वाटेल की मी 'उड जाएगा हंस अकेला' नेणार. नाही. एकट्या हंसाचं गाणं एकट्या माणसानं एकट्या बेटावर ऐकायचं, यात शोभा आहे, पण शोभेवर दिवस निघत नाहीत. मला 'अवधूता, युगन युगन हम योगी' असलेली तबकडी हवी. कारण त्यात वसुंधराताई, त्यांच्या दुसऱ्या पत्नी, आहेत. कुमारांचा सूर वर जाऊन निसटतो आणि मागून त्यांचा आवाज तोच सूर धरून उभा राहतो. तंतोतंत एकावर एक बसत नाहीत दोघं, किंचित सरकलेले असतात, आणि त्या सरकलेल्या फटीत दोन माणसं शेजारी बसली आहेत हे कळतं. 'युगानुयुगे आम्ही योगी' हे असं दोघांनी मिळून म्हणणं मला फार धीराचं वाटतं.

यावरून मला वाटायला लागलं आहे की स्टुडिओत निर्दोष मुद्रित झालेलं गाणं बेटासाठी नसतंच. तिथे मैफलीतलं हवं. खोकल्यासकट. आपलं गाणं मुळात समोरच्यांकडे बघत केलेलं असतं. मान हलली की गवई तीच जागा पुन्हा घेतो, नाही हलली की सोडून देतो. काचेच्या खोलीत लाल दिव्याकडे बघत गायलेल्या ख्यालात ही देवघेव उरत नाही. पुण्यात कर्वे रोडवरच्या अलूरकरांनी मैफलींच्या कॅसेट काढल्या, त्यांचे आपल्यावर फार उपकार आहेत. त्यांत तानपुरा लावण्याचा, तबलजीनं हातोडी ठोकण्याचा आवाज असतो, आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली की पन्नास लोकांच्या तोंडून निघालेला तो एकच 'हा!'.

माझ्याकडे एक कॅसेट आहे. कुणाच्या तरी दिवाणखान्यातल्या बैठकीची, नकलेची नक्कल, कोकणातल्या दमटपणानं फितीला पांढरी बुरशी धरलेली. गवई नामवंत होते. नाव लिहीत नाही, कारण ते ध्वनिमुद्रण त्यांना न विचारता केलेलं आहे. नंद राग, मध्यलय. आलापी संपत आलेली, बोलतानेचं एक लांबलचक आवर्तन समेकडे निघालेलं, सगळे श्वास धरून बसलेले ऐकू येतात. आणि समेच्या दोन मात्रा आधी एक पोर स्पष्ट आवाजात म्हणतं, "आई, शू." सम चुकत नाही. पण समेवरचा जो सूर आहे त्यात हसू शिरलेलं आहे. बुवा गाता गाता हसतात, तो आकार थरथरतो, मग तबलजी हसतो, ठेका एका मात्रेपुरता सैल होतो, मग बायकांच्या बाजूला बांगड्या वाजतात. कुणीतरी उठून पोराला घेऊन जातं, दाराची कडी वाजते. पुढच्या आवर्तनात बुवा मुद्दाम तीच बोलतान पुन्हा घेतात आणि त्या दोन मात्रांपाशी क्षणभर थांबतात. वाट बघतात. सगळी खोली फुटते. तो शू लागलेला मुलगा आज चाळिशी ओलांडून गेला असेल, आणि त्याला पत्ता नाही की मी त्याला बेटावर घेऊन चालले आहे.

असाच एक अनुभव पुण्यात दर डिसेंबरला हजारो लोक घेतात. सवाई गंधर्वांच्या स्मृतीचा महोत्सव, १९५३ पासूनचा. मोठमोठी गाणी होतात, कणसं आणि वडापाव खाल्ले जातात, कोण उतरलं कोण चढलं याचे निकाल लावले जातात, आणि सगळं संपल्यावर, शेवटच्या दिवशी, मंचावरून कुणी गात नाही. सवाई गंधर्वांचीच जुनी तबकडी लावतात. भैरवी, 'बिन देखे परे नहीं चैन'. ध्वनिवर्धकाच्या भिंतीएवढ्या खोक्यांतून ती बारीक, खरखरीत, ऐंशी-नव्वद वर्षांमागची तीन मिनिटं येतात. लोक चटया गुंडाळता गुंडाळता थांबतात. ही तबकडी मी एकटीनं घरी ऐकून बघितली आहे. चांगली आहे. पण मांडवात ऐकली की ती दुसरीच कुठलीतरी होते. बेटावर ती नेली तर कुठली वाजेल, याचा मला अंदाज येत नाही, म्हणून तिला एक जागा दिली आहे.

भीमसेनजींची संतवाणी घेतली, मैफलीतली, टाळ-पखवाजासकट. 'तीर्थ विठ्ठल' त्यात हवं. राम फाटकांची चाल. ते लागलं की बेटावर ओळीनं माणसं उभी राहिल्यासारखी वाटतील, पायांत चिखल आणि डोक्यावर तुळस घेतलेली. हा सुद्धा तबकडीचाच प्रताप आहे म्हणा: भीमसेन नावाच्या अकरा वर्षांच्या मुलानं दुकानात अब्दुल करीम खाँ साहेबांची तबकडी ऐकली आणि १९३३ मध्ये गुरू शोधायला घर सोडलं. साडेतीन मिनिटांनी एक पोर घराबाहेर काढलं. माझ्या आठांनी मला बेटाबाहेर काढलं तर बरंच.

तर दीनानाथ, दरबारी-मारवा, गीतरामायण (अनेक आवाजांचं, कुठूनही मिळवून), जैत रे जैत, कुमार-वसुंधराताई, सवाईंची भैरवी, संतवाणी. सात झाल्या. ती बुरशी धरलेली कॅसेट आठवी असायला हवी, पण भाची म्हणते ती अल्बम नाही, नियमात बसत नाही. नियम पाळायचे असतील तर सगळे पाळ, मावशी. सुलोचनाबाईंचा विचार करत होते तोवर आई आली आणि तिनं आठवी जागा विचारल्याशिवाय घेतली: माणिक वर्मा, 'घननिळा लडिवाळा' असेल ती कुठलीही. मी म्हटलं, अगं बेटावर मी जाणार आहे. त्यावर ती म्हणाली, "मग? मागून माझा आवाज नको का तुला?" आई ते गाणं लागलं की बरोबर म्हणते, नेहमी, आणि नेहमी अर्धा सूर खाली. कॅसेट मी पर्समध्ये टाकून नेईन, कोण तपासायला बसलंय.

राहिली चैनीची वस्तू. मी तानपुरा म्हटलं. खाऱ्या हवेनं तारा गंजतील, रोज लावत बसावं लागेल, सकाळ जाईल. आईला हे मुळीच पसंत नाही. तिनं विचारलं, तिथे डास किती असतील याचा काही विचार केला आहेस का? ओडोमॉस ने. मी तिला नियम समजावला, की वस्तू उपयोगी असता कामा नये. तिनं तो ऐकून घेतला आणि ओडोमॉसच्या दोन ट्यूब यादीत लिहिल्या.